मंडईला दिलेली ताडपत्री

मंडईच्या मंडळाची पोरं ताडपत्री मागायला आली तेव्हा बाबांनी ती स्वतः झटकली, चारी कोपरे जुळवून घडी केली आणि एकाच्या खांद्यावर ठेवली. "फाडू नोका रे बापा," एवढंच म्हणाले.

गोंदियाकडच्या गावांमध्ये दिवाळी झाली की मंडई नावाची जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा दुकानं आणि दंडार हा लोकनृत्याचा खेळ, रात्री तिकीट लावून नाटक. त्या दिवशी घरोघरी लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे येऊन उतरतात. नाटकाच्या मैदानाला चारी बाजूंनी आडोसा करावा लागतो, नाहीतर बिनतिकिटाचे लोक बाहेर उभे राहून सगळं नाटक बघतात. हा आडोसा, म्हणजे कनात, दुसरी गावं भाड्यानं आणतात. आमच्या गावाची रीत वेगळी आहे. घरोघरची ताडपत्री गोळा करायची, सुतळीनं एकीला एक बांधायची आणि बांबूंवर ताणायची. मंडई झाली की ज्याची त्याला परत. आमची ताडपत्री निळी, जाड आणि गावात सगळ्यात मोठी होती. ती नेहमी तिकिटाच्या दाराला लागायची. बाबा कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण पाहुण्यांना मैदानावर घेऊन गेले की त्या दाराशीच उभे राहायचे.

अडचण अशी की हेच दिवस धान कापणीचे असतात. कापलेलं धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पसरून ठेवतात. त्या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. कडपांना तीन-चार दिवस चांगलं ऊन लागलं की भारे बांधायचे आणि भाऱ्यांचा मोठा ढीग, पुंजणं, रचायचं. पुंजण्यावर ताडपत्री टाकली की मग चुरणी, म्हणजे मळणी, सवडीनं झाली तरी चालतं. ओल्या कडपा घाईनं बांधल्या तर पुंजण्यात धान आतून तापतं आणि तांदूळ काळा पडतो. आणि बांधीतच पाऊस लागला तर लोंबीला कोंब फुटतात. त्या वर्षी आमचं सगळं धान कापून बांधीत पडलं होतं आणि मंडई दोन दिवसांवर होती.

मी तेव्हा शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवत होते. आजही तिथेच आहे. स्कूटीनं जाते, येते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. या गोष्टीचं मोल मला रोज कळतं, कारण माझ्या वयाच्या किती मुली माझ्याइतक्याच हुशार होत्या हे मी बघितलं आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मोबाइलवर हवामानाचा इशारा आला. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार झालं होतं. किनाऱ्याला धडकून ते छत्तीसगडवरून आमच्या बाजूला सरकणार आणि जोराचा पाऊस होणार, असं लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. त्या गावचेच एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावाची आयडिया मस्त आहे बरं का. आमचं नाटक पाडाले तुफान मागवलं वाटते."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. त्या वर्षी त्या गावाची आणि आमच्या गावाची मंडई एकाच दिवशी आली होती. दोन्हीकडे नाटक, दोन्हीकडे तिकीट. पाऊस येणार अशी हवा पसरली की लांबचे लोक निघणारच नाहीत. त्या गावाचं म्हणणं, ही हवा आम्हीच सोडली.

संध्याकाळी गावात शिरले तर मारुतीच्या पारावर मंडळाची माणसं बसली होती आणि तिथे उलटी गोष्ट चालली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, माझे काका. आवाज भारी, शब्द पक्का. गावात त्यांच्या म्हणण्याला वजन.

"समुद्र कुठी अन् आपन कुठी!" काका सांगत होते. "हे त्या गावचं काम आहे. मोबाइलवर टाकून राहिले, याले पाठव, त्याले पाठव. आपल्या नाटकाले मानूस येऊ नये म्हनून."

मी स्कूटी थांबवली. म्हटलं, "काका, तसं नाही. सरकारी इशारा आहे. मी स्वतः वाचला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बसलेल्यांकडे पाहिलं. "तू कुठी वाचला वं पोरी?"

"शाळेत."

"कोनाच्या गावच्या शाळेत?"

सगळे हसले. काकाही हसले. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी आपली, पन पगार तिकडचा ना बा." मग अजून हशा झाला. मी स्कूटी सुरू केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बारावीनंतर मला गोंदियाच्या कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा बाबांना तिथलं काही माहीत नव्हतं. काकांनीच मला मोटारसायकलवर बसवून नेलं, कोणत्या खिडकीसमोर उभं राहायचं ते दाखवलं, आणि "घाबरू नोको, इथी सारेच खेड्यातून आलेले आहेत" असं म्हटलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी जागा आहे ती तेव्हाची आहे. म्हणून पारावर हसले तेव्हा मला राग यायला हवा होता, पण मला वाटलं, काका म्हणतात म्हणजे असेलही काही. आपण सगळंच वाचलेलं खरं धरतो.

घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "त्यानं काय म्हटलं?"

"नाही येत म्हणतात."

"मंग नाई येत."

"बाबा, मी वाचलंय."

"तू वाचली ते खरं. पन लिवनारा कोन आहे, तुले ठाऊक आहे का?"

 आईनं मात्र ताट उचलताना हळूच सांगितलं, "उद्या शाळेतून गोंदियाले जाजो. मेणबत्त्या आन, आगपेटी आन, आलू आन. अन् एखादी ताडपत्री भेटते का पाह्य. बाबाले सांगू नोको. कोनी इचारलं तर पाहुने येऊन राहिले म्हन."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गोंदियाला गेले. बाजाराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आभाळ तेव्हा अगदी मोकळं होतं, ऊन होतं, तरी बटाट्याच्या पोत्यांभोवती बायका एकमेकींना कोपरानं सारत होत्या. मेणबत्त्या एका दुकानात संपल्या होत्या, दुसऱ्यात एकेकाला एकच पुडा देत होते. टॉर्च, सेल, दुधाची पावडर, सगळ्यावर लोकांचे हात पडत होते. मजा अशी की वादळाचं नाव कोणीच घेत नव्हतं. मेणबत्त्या घेणारी बाई म्हणत होती, घरी पूजा आहे. पोतंभर बटाटे उचलणारा माणूस सांगत होता, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. दुकानदार सगळ्यांचं ऐकून मान हलवत होता. ही हवा दुकानदारांनीच पसरवली असेल, असा संशय मला तिथे पहिल्यांदा आला. आणि तरी मीही मेणबत्त्या घेतल्या. त्यानं विचारलं नव्हतं, तरी म्हटलं, "पाहुणे येणार आहेत."

ताडपत्रीच्या दुकानासमोर रांग होती. रांगेत आमच्या गावचे दोघं होते. त्यांनी मला पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागले. माझ्या शाळेच्या गावचेही तिघं-चौघं होते. कालचे गुरुजीही होते. मला बघून म्हणाले, "मंडप टाकाचा आहे मॅडम, पाहुण्यांसाठी." मी म्हटलं, "आमच्याकडेही."

माझा नंबर आला तेव्हा दुकानदार हात झटकत होता. "खतम मैडम, खतम. बड़ा वाला लास्ट तीन पीस अभी भैया ले गए. पन्नी है, पतली वाली, दूँ क्या?"

मी वळून पाहिलं. तीन नव्या ताडपत्र्या मोटारसायकलला बांधत काका उभे होते.

त्यांचीही नजर माझ्यावर पडली. क्षणभर ते सुतळीची गाठ हातात धरून तसेच राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "अगं पोरी! तू कायले आली इथी?"

"मेणबत्त्या घ्यायला. तुम्ही?"

"मी ना, स्टेजसाठी. स्टेजवर टाकाले पायजे ना. कलाकार लोक येऊन राहिले, त्याहिले धूळ नाई चालत." गाठ मारून झाली. निघताना म्हणाले, "लवकर घरी जाजो. अन् बाबाले सांग, उद्या दंडार सुरू व्हाच्या आधी मैदानावर ये म्हना."

स्टेजसाठी. असेल. काका खोटं का बोलतील? पण स्टेजवर ताडपत्री नाही, सतरंजी टाकतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. गाडी चालवताना मी दोन्ही बाजूंनी भांडत होते. मी पातळ प्लास्टिकची पन्नीच घेतली होती. ती वाऱ्यानं फडफडत होती.

मंडईच्या दिवशी सकाळी आभाळ पांढरं झालं होतं, ढग म्हणावे असं काही नव्हतं. घरात पाहुणे आले होते. दोन्ही आत्या, त्यांची यजमान मंडळी. मी कोणाला न सांगता मैदानावर जाऊन आले. स्टेज तयार होतं. त्यावर लाल सतरंजी होती. नवी ताडपत्री एकही नव्हती. कनातीच्या दाराला आमची निळी लागली होती.

घरी येऊन बाबांना बाजूला घेतलं आणि दुकानात काय पाहिलं ते सांगितलं. बाबांना राग आला, पण माझाच. "तो तुले कॉलेजात घेऊन गेला होता," ते म्हणाले. "त्याच्यावर तू असा शक घेऊन राहिली?"

"मी शक घेत नाही. तुम्ही एकदा त्यांची बांधी बघा. मग मी काही बोलणार नाही."

बाबा चप्पल घालून निघाले. मला गप्प करण्यासाठीच निघाले होते. काकांचं शेत आमच्या शेताच्या पलीकडे, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठानं जावं लागतं. दोन दिवसांपूर्वी तिथे आमच्यासारख्याच कडपा पडल्या होत्या. आता बांध्या साफ होत्या. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, उंचावर एक मोठं पुंजणं उभं होतं, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत तणस पसरलेलं होतं.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. "तणस टाकलं आहे. ताडपत्री कुठी आहे?"

असं म्हणून ते वळले. चार पावलं गेले आणि थांबले. परत फिरून पुंजण्याकडे बघत राहिले. बाबा शाळेत फार गेलेले नाहीत, पण शेताकडे बघताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे.

"यंदाचं धान अजून चुरलं नाई," ते हळू म्हणाले. "मंग हे तणस कुठलं?"

धान झोडल्यावर जे उरतं ते तणस. त्या वर्षीची चुरणी गावात कोणाचीच झाली नव्हती. म्हणजे हे तणस गेल्या वर्षीचं, घराच्या माळ्यावरून उतरवून, गाडीत घालून इथे आणलेलं. रंगही मळका होता. न चुरलेल्या पुंजण्यावर कोणी जुनं तणस कशाला वाहून आणेल?

बाबांनी पुंजण्याजवळ जाऊन तणसात हात घातला. कोपरापर्यंत घातला.  मला आतून प्लास्टिक दाबल्याचा आवाज आला. बाबांनी हात बाहेर काढला, विस्कटलेलं तणस होतं तसं नीट बसवलं, आणि हाताला लागलेल्या काड्या एकेक करून काढल्या.

"बाबा," मी म्हटलं.

"कोनाले सांगू नोको," ते म्हणाले.

तिथून ते घरी आले नाहीत, थेट मैदानावर गेले. मी मागे मागे. मैदानात दंडारीची तयारी चालली होती. फुगेवाले आणि जिलबीवाले आले होते. काका माईकवरून पाहुण्यांचं स्वागत करत होते. बाबा तिकिटाच्या दाराशी गेले आणि आमच्या ताडपत्रीची सुतळी सोडायला लागले. एक गाठ सुटली, कोपरा खाली लोंबला. लोक बघू लागले.

माईक थांबला. काका स्टेजवरून उतरून आले. "काऊन गा? काय करून राहिला?"

बाबांनी गाठ सोडता सोडता सांगितलं, "घरी पाहुने आले ना. मांडव टाकाचा आहे."

"आजच? दाराची ताडपत्री काढशीन तर नाटक कसं होईन?"

"पाहुन्याले उनात बसवू का?"

ऊन कुठेच नव्हतं. काकांनी वर पाहिलं नाही. ते बाबांच्या हाताकडे बघत होते. बाबांच्या बाहीवर एक तणसाची काडी चिकटली होती. ती मलाही दिसली. त्यांना दिसली की नाही हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही, पण ते बाजूला झाले. 

बाबांनी ताडपत्री खांद्यावर टाकली आणि निघाले. मागे कुजबुज झाली. कोणी म्हणालं, भावाभावात काही झालं असेल. कोणी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "तिकडच्या गावानं फोडलं याहिले." पण आम्ही मैदानाच्या बाहेर पडेपर्यंत दुसरा एक जण आपली गाठ सोडत होता. त्यालाही पाहुण्यांसाठी मांडव टाकायचा होता. मग तिसरा. घराच्या वळणावरून मागे पाहिलं तर कनातीत इथे तिथे भोकं पडली होती आणि त्यांतून स्टेजची लाल सतरंजी दिसत होती.

आमच्याकडे तो दिवस कसा गेला ते सांगते. आत्या नवी लुगडी खोचून बांधीत उतरल्या. त्यांचे यजमान, ज्यांना जावयाचा मान म्हणून आम्ही पाण्याचा ग्लासही उचलू देत नाही, तेही भारे वाहत होते. एक आत्या बाबांना चिडवत होती, "दादा, मंडईले बलावलं का मजुरीले?" दुसरी म्हणाली, "जेवन तरी देजो दुपारचं." सगळं हसतखेळत, पण हात जोरात. बाबा भारे रचत होते आणि प्रत्येक भाऱ्यात हात घालून ओल बघत होते. कडपांना पुरेसं ऊन मिळालं होतं, नशीब. दुपार कलली तसा वारा फिरला. पुंजणं रचून झालं, निळी ताडपत्री टाकली, दोऱ्या ओढल्या, आणि पाऊस आला. बोडीजवळची खालची एक बांधी राहून गेली. ती पाण्यात गेली. बाकीचं वाचलं.

नाटकवाली मंडळी शाळेच्या व्हरांड्यात पेट्या घेऊन बसली होती. नाटक झालं नाही. शेजारच्या गावचंही झालं नाही. नंतर शाळेत गेले तर ते गुरुजी म्हणाले, "तुमच्या गावाले आधीच माहीत होतं ना मॅडम? म्हनून तर कनात काढली." मी सांगायला गेले की तसं नाही. पण कसं होतं, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

काकांचंही धान वाचलं. गावात किती जणांचं त्यांच्या शब्दावर बांधीत पडून राहिलं आणि भिजलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी काय केलं होतं ते बाबांनी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. पुढच्या वर्षी मंडळाची पोरं आली तेव्हा बाबांनी निळी दिली नाही. जुनी, उंदरांनी कुरतडलेली काढून दिली. मंडईच्या दिवशी मैदानावर गेले तर सगळी कनातच तशी होती. ठिगळं, भोकं, फिकट पडलेले तुकडे. गावातल्या सगळ्या चांगल्या ताडपत्र्या घरात होत्या आणि कोणीच कोणाला त्याबद्दल विचारत नव्हतं. काका माईकवरून स्वागत करत होते.

आणि बाबा आता मला विचारतात. कापणी सुरू झाली की सकाळी, दार लोटून घेऊन, हळू आवाजात. "मोबाइल काय म्हनते?" मला ते आवडतं. एवढं शिकल्याचं सार्थक झालं असं वाटतं.

यंदा काकाही आले. पुढच्या दारानं नाही, मागच्या वाडीतून. मी भांडी घासत होते. काका लिंबाच्या झाडाजवळ उभे राहून म्हणाले, "पोरी, पानी येते का वं? काय म्हनते तुझा मोबाइल?"

त्यांचे केस बरेच पिकले आहेत. मला कॉलेजची ती खिडकी आठवली. मी हात धुतले, मोबाइल आणला, त्यांच्यासमोर उघडला आणि जे होतं ते खरं सांगितलं. "नाही काका. आठवडाभर आभाळ मोकळं आहे. बिनधास्त वाळू द्या."

"पक्कं?"

"पक्कं."

"अच्छा," म्हणाले, आणि आले तसे गेले.

संध्याकाळी बाबा शेतावरून आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "तो भारे बांधून राहिला," ते म्हणाले. "तू त्याले काय सांगितली?"

"पाणी नाही म्हणून. तुम्हाला सांगितलं तेच."

 मी मोबाइल पुन्हा उघडून दाखवला. त्यांनी तो बघितलाही. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ते पुन्हा दाराबाहेर गेले, काकांच्या शेताच्या दिशेनं बघून आले, आणि कोपऱ्यातला दोर उचलला.

"कडपा ओल्या आहेत बाबा. काळं पडेल धान."

"थोडंसं बांधून ठेवू," ते म्हणाले. "उंचावरच्या बांधीचं."

मी आईला सांगून त्यांच्यामागे निघाले. आभाळात एक ढग नव्हता. पलीकडच्या धुऱ्यावर काका भारे रचत होते आणि मधूनमधून आमच्याकडे बघत होते. बाबांनी पहिला भारा बांधायला घेतल्याबरोबर काकांचा हात जास्त जोरात चालू लागला.